अंजनावर बोलायचं काय

मरायचंच असेल तर टेंभुर्णेबाबू रायपुरात असतील तेव्हा मरावं, असं त्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, लोक म्हणत. थट्टेत म्हणत, पण अगदीच थट्टा नव्हती. धर्मपाल टेंभुर्णे मूळचा भंडाऱ्याकडचा, रेल्वेच्या वर्कशॉपात कारकुनी करून रिटायर झालेला. अंगानं काडी, पण माइकसमोर उभा राहिला की विहारातली लहान पोरंसुद्धा चिप्सची पाकिटं वाजवायची थांबत. कोणाच्याही पुण्यानुमोदनात शेवटचं भाषण त्याचंच असे.

पुण्यानुमोदन म्हणजे गेलेल्या माणसासाठी घरच्यांनी ठेवलेला कार्यक्रम. आधी वंदना होते, मग लोक उठून आदरांजलीचे दोन शब्द बोलतात, शेवटी भन्तेजी नाव घेऊन पाणी सोडायला लावतात, पुण्य त्या माणसाच्या वाट्याला देतात आणि मग जेवणं. आता ते ‘दोन शब्द’ कसले? एकेक जण अर्धा तास सोडत नाही. आणि असतं काय त्यात? कालकथित अमुक अमुक हे अत्यंत मनमिळाऊ, कष्टाळू आणि धम्मावर नितांत श्रद्धा असलेले होते. झालं. जन्मभर ज्यानं शेजाऱ्याला नळाला हात लावू दिला नाही तोही मनमिळाऊ, जिनं सुनेला रडवलं तीही मनमिळाऊ. नाव बदला आणि तेच भाषण पुढच्या मयताला चालवा. गेलेला माणूस आपला फोटोत हार घालून बसलेला असतो, त्याच्याकडे कोणी वळूनही बघत नाही.

धर्मपालला याची मनापासून चीड होती. एप्रिलातल्या जयंतीच्या भाषणांसाठी तो पाऱ्यातल्या पोट्ट्यापोट्टींना तयार करी, तेव्हाही त्याचं एकच सांगणं असे. माणूस कसा होता ते सांगू नका, त्यानं एका दिवशी काय केलं ते सांगा. आणि ते सांगून झालं की गुपचूप खाली बसा, वरून अर्थ सांगत बसू नका.

यशवंतराव मानवटकर वारले तेव्हाची गोष्ट लोक अजून काढतात. हा यशवंतराव रेल्वेत गार्ड होता आणि महाभांडखोर. त्याच्यावर चांगलं बोलायचं म्हणजे जिभेला गाठ मारायचं काम. धर्मपाल उठला आणि म्हणाला, यशवंतरावांच्या बायकोची नजर साखरेनं गेली होती. रोज संध्याकाळी हा माणूस तिला व्हरांड्यात बसवून रस्ता सांगत असे. ती बघ, मिश्राची सून चालली, पिवळी साडी, हातात भोपळा, आज नवऱ्याशी भांडलेली दिसते. तो बघ, पोस्टमन, पोट सुटलं मेल्याचं. दिवे लागेपर्यंत हे चाले. एवढं सांगून धर्मपाल खाली बसला. ज्यांनी आयुष्यभर यशवंतरावाच्या शिव्या खाल्ल्या होत्या त्यांनी रुमाल काढले.

पण ही गोष्ट धर्मपालनं शोधली नव्हती, ती त्याच्या बायकोनं, अंजनानं आणली होती. ही एकच नव्हे, सगळ्याच तिनं आणलेल्या होत्या. पाऱ्यात कोणी गेलं की अंजना दुसऱ्या बायकांबरोबर त्या घरी जाई. पुरुष पुढच्या खोलीत खुर्च्यांवर बसत आणि ‘कसं झालं, कधी झालं’ एवढं विचारून चहा पीत. अंजना मागच्या दारानं आत जाई, तांदूळ निवडी, भांडी घाशी, पोरांना भात कालवून देई. घरी आली की धर्मपालला वाढता वाढता सांगे. त्या बाईचा हात मोडला होता ना, तेव्हा तिचे केस तो माणूस धुऊन देत होता, हे बोला तुम्ही. मग धर्मपाल ते हातात घेई. सुरुवात कुठून करायची, कुठं थांबायचं, काय गाळायचं, हे त्याचं काम. घरात अशी वाटणीच होती. लबाडी काही नव्हती त्यात. फक्त ही वाटणी विहारात सांगावी असं त्याला कधी सुचलं नाही, आणि तिनंही कधी म्हटलं नाही.

त्या थंडीत अंजनाच गेली. सकाळी चहा ठेवला, छातीत कळ आली म्हणाली, आणि दवाखान्यापर्यंतही पोचली नाही. पुण्यानुमोदन रविवारी ठरलं. विहार कमिटीचा सेक्रेटरी सुशील घरी आला. चांगला पोरगा, सूत्रसंचालन तोच करी. तो चाचरत म्हणाला, की काकाजी, यावेळी तुम्ही बोलू नका, तुमचं दुःख मोठं आहे, मी बघतो, दोन-चार जणांना सांगतो.

धर्मपालला त्या दोन-चार जणांची तोंडं दिसली. कालकथित अंजनाबाई या अत्यंत मनमिळाऊ. पतीच्या खांद्याला खांदा लावून.

“मीच बोलतो,” तो म्हणाला. “तिले कोणी मनमिळाऊ म्हणून वाटे लावलेलं मले चालनार नाही.”

सुशील गेला आणि धर्मपाल विचार करायला बसला. आजवर इतक्यांवर बोललो, हिच्यावर बोलणं काय अवघड आहे, सगळं आयुष्य एका घरात गेलं. आता अंजनाचा एखादा दिवस आठवायचा, बस्स. त्यानं डोळे मिटले. वर्कशॉपचा डबा घेऊन दारात उभी असलेली अंजना दिसली. त्याला टायफॉइड झाला तेव्हा उशाशी बसलेली दिसली. जयंतीला पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत त्याचं भाषण ऐकत असलेली दिसली. प्रत्येक चित्रात आपण आहोत आणि ती आपल्यासाठी काहीतरी करून राहिली, हे थोड्या वेळानं त्याच्या ध्यानात आलं. आपण घरात नसताना ही बाई काय करत होती? कशाला हसत होती? काही ठाऊक नाही. इतक्या लोकांच्या गोष्टी जिनं आणून दिल्या, तिची गोष्ट आता आणणार कोण? हा विचार आला आणि तो पहिल्यांदा हमसून रडला.

मुलगी चेतना सिलतऱ्याच्या एका कारखान्यात ऑफिसात होती. नवऱ्याला आणि पोराला दुर्गला सासरी ठेवून ती बापाजवळ राहायला आली होती. तिला मराठी सगळी कळे, पण उत्तर हिंदीतून येई; इथं वाढलेल्या पोरांचं असंच आहे. त्यानं तिला विचारलं, तुझ्या आईची एखादी गोष्ट सांग. तिनं बराच विचार केला आणि म्हणाली, “बाबा, आई तो बस आई थी. क्या बताऊँ?” मग बापाची दया येऊन तिनं मोबाइल काढला आणि त्यात काहीतरी टाइप केलं. चुटकीसरशी मोबाइलनं अख्खं मराठी भाषण लिहून दिलं, शुद्ध, एकही चूक नाही. पहिल्याच ओळीत होतं, ‘त्या अत्यंत मनमिळाऊ होत्या’. दोघं एकमेकांकडे बघत राहिले, आणि मयताच्या घरात हसू नये हे माहीत असूनही चेतनाला हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी धर्मपाल धुतलेला शर्ट घालून निघाला. जिथं अंजनाचं येणं-जाणं होतं त्या घरी जायचं आणि विचारायचं, असं त्यानं ठरवलं. पहिलं घर सरिताचं. सरिता दोन घरं सोडून राहायची, अंजनाची अगदी जिवाभावाची. दोघी मिळून पापड लाटत, बाजारात जात, एकमेकींच्या घरचं मीठ-तेल हक्कानं नेत. सरिताच्या नवऱ्यानं धर्मपालला पुढच्या खोलीत खुर्ची दिली. पाणी आलं, चहा आला. सरिता डोक्यावर पदर घेऊन दाराला टेकून उभी राहिली. धर्मपालनं घसा साफ करून विचारलं, की अंजनाच्या स्वभावावर प्रकाश टाकणारा एखादा प्रसंग सांगता येईल काय? आता असं विचारल्यावर कोण काय सांगणार? सरिता म्हणाली, लय चांगल्या होत्या वहिनी. पुढच्या घरीही खुर्ची मिळाली, चहा मिळाला आणि लय चांगल्या होत्या हेही मिळालं. पाऱ्यात फिरून फिरून चहानं पोट डब्ब झालं, पण हाताला काही लागलं नाही.

घरी येऊन तो चेतनावर उगाच चिडला. या बायांना काही आठवतच नाही, म्हणाला, इतकं येणं-जाणं होतं आणि तोंडातून शब्द फुटत नाही. चेतना पोळ्या लाटत होती. ती मागं न वळता म्हणाली, “आई वहाँ कुर्सी पे कहाँ बैठती थी, बाबा?”

खरंच होतं ते. इतकी वर्षं गोष्ट ताटात वाढून मिळाली. ती कुठून आणि कशी येते हे विचारायची गरजच पडली नव्हती.

मग तो दुपारी पुन्हा गेला, यावेळी घरातलाच जुना पायजमा घालून आणि मागच्या गल्लीनं. सरिता अंगणात उन्हात बसून तिवऱ्याची पालेभाजी निवडत होती. त्याला तिथं बघून ती गडबडली, उठून खुर्ची आणायला निघाली. त्यानं हातानंच नको म्हटलं आणि जमिनीवर बसला. गुडघे असे वाजले की तिला ऐकू गेले असतील. भाजीची एक जुडी ओढून तोही निवडू लागला. त्याला काय येते भाजी निवडता? कोवळे शेंडे टाकून देठं ठेवत होता. सरितानं थोडा वेळ बघितलं आणि त्यानं टाकलेले शेंडे उचलून आपल्या सुपात घेतले. या वेळी त्यानं काहीच विचारलं नाही.

बऱ्याच वेळानं तीच म्हणाली, “वहिनी बी अशाच येत. इथंच बसत.”

मग ती बोलू लागली, आधी इकडचं तिकडचं, मग मुद्द्याचं. तिचा थोरला दीर भनपुरीला ट्रकखाली आला, तेव्हा जावेनं तोंड शिवून घेतलं होतं. रडेना, बोलेना, पाणी पिईना. अख्ख्या पाऱ्यातल्या बाया येऊन गेल्या, रड बाई रड म्हणून तिला गदागदा हलवून गेल्या. अंजना आली तर तिनं जावेला काहीच विचारलं नाही. शेजारी बसली आणि स्वतःचंच सांगू लागली. ते ऐकून जाऊ हळूच बोलली. मग तासभर बोलतच राहिली.

“वहिनी कोणालेच काही विचारत नव्हत्या, भाऊ,” सरिता म्हणाली. “आधी आपलं सांगत. मंग समोरचीचं तोंड आपोआप उघडे.”

धर्मपालनं विचारलं, की आपलं म्हणजे काय सांगत होती?

सरितानं हातातली भाजी खाली ठेवली. त्याच्याकडे असं बघितलं, जणू हे त्याला माहीत असायला हवं होतं. “प्रशिकचं,” ती म्हणाली.

हे नाव धर्मपालनं कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. चेतनाच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता. काही महिन्यांचा होऊन तापानं गेला. एवढ्या लहानग्याला जाळत नाहीत. धर्मपाल आणि त्याच्या भावांनी त्याला खारुन नदीच्या काठी नेऊन पुरला. घरी आला तेव्हा अंजना भिंतीकडे तोंड करून पडली होती. थोड्या दिवसांनी त्यानं तिला समजावलं होतं, की आता ते नाव काढत जाऊ नको, दोघांनाही त्रास होतो. तेव्हा त्याला वाटलं होतं की आपण तिच्यावर मायाच करतो आहोत. तिनं पुन्हा कधीही त्याच्यासमोर ते नाव काढलं नाही, आणि ती सावरली असं तो धरून चालला.

सरिता सांगत होती. अंजना प्रत्येक घरी त्या पोराची एकच गोष्ट सांगे. रेल्वेचं क्वार्टर रुळाला लागून होतं. मालगाडी गेली की भिंती हलत, दुसऱ्यांची लेकरं दचकून रडत. प्रशिक मात्र रडत असला तरी गाडीचा आवाज आला की थांबे. एक मूठ वर धरी आणि डोळे मोठे करून ऐकत राही, शेवटचा डबा जाईपर्यंत. गाडी गेली की मूठ खाली घेई आणि उरलेलं रडणं पूर्ण करी. हे सांगताना वहिनी हसत, सरिता म्हणाली, मूठ कशी धरे ते करून दाखवत. ऐकणारी बाई त्या मरणाच्या घरातही हसे, आणि मग रडे.

धर्मपालला हे ठाऊक नव्हतं. तो दिवसा वर्कशॉपात असे. आपलं पोरगं मालगाडी ऐकत होतं, हे सगळ्या पाऱ्यातल्या बायकांना माहीत होतं आणि बापाला नव्हतं.

“मले एकदा म्हणाल्या होत्या,” सरिता खाली बघत म्हणाली, “का मी ह्यांले विचारलं, आपल्या लेकराचं पुण्यानुमोदन करू. तर हे म्हणाले, एवढ्याशा पोरावर बोलायचं काय.”

तिनं टोमणा म्हणून सांगितलं नव्हतं. साधं सांगावं तसं सांगितलं. धर्मपालला ते वाक्य जसंच्या तसं आठवलं. तेव्हा तो पंचविशीतला होता, नुकताच सभांमधून बोलू लागला होता, टाळ्या मिळू लागल्या होत्या. आणि दुःखानं वेडा झालेला होता, हेही खरंच. तो म्हणाला होता, एवढ्याशा पोरावर बोलायचं काय, त्याची काय गोष्ट आहे? आणि त्याची गोष्ट उशाशीच होती. आईजवळ होती. तिनं ती सांगायला दुसरी दारं शोधली. लोकांच्या मरणाला ती का धावत जाते, असं कोणी विचारलं तर धर्मपाल अभिमानानं सांगे, की तिला समाजकार्याची आवड आहे.

तो घरी आला तेव्हा त्याचा चेहरा बघून चेतनानं पाणी दिलं. त्यानं तिला विचारलं, तुला एक भाऊ होता, माहीत आहे? चेतना म्हणाली, हव. आईनं लहानपणीच सांगितलं होतं, मालगाडीचंही सांगितलं होतं. “बोली थी, बाबा के सामने मत बोलना. उनको तकलीफ होती है.” म्हणजे या घरात दोघी मायलेकी ती गोष्ट त्याच्यापासून सांभाळून होत्या, जसं आजारी माणसापासून काही सांभाळतात. त्याला काय वाटलं ते शब्दात सांगणं कठीण आहे. लाज वाटली, आणि त्या लाजेखाली पोरगं नव्यानं मेल्यासारखं दुःख वाटलं.

आता गोष्ट मिळाली होती. आता त्याचं काम उरलं होतं, जे त्याला येत होतं. शनिवारी दुपारी तो कपाटाच्या आरशासमोर उभा राहिला. मालगाडीनं सुरुवात करायची. क्वार्टर, हलणाऱ्या भिंती. मग रडणारं पोर. पोराचं रडणं थांबतं तिथं आपणही थांबायचं, सभेला ती शांतता ऐकू द्यायची. मग मूठ. मग अंजना, घरोघर ही मूठ घेऊन जाणारी आई. त्यानं एकदा म्हणून बघितलं, आणि पकड आली. आवाज जिथं उतरायला हवा तिथं उतरला. वळून बघतो तर चेतना स्वयंपाकघराच्या दारात डोळ्याला पदर लावून उभी. क्षणभर त्याला बरं वाटलं, भाषण जमल्याचं जे बरं वाटतं तेच, आणि ते वाटल्याबरोबर स्वतःची किळस आली.

चेतनानं डोळे पुसले. म्हणाली, अच्छा है. मग म्हणाली, “पर इसमें आप कहाँ हो, बाबा?”

तो चिडला. मी कायले पाहिजे त्यात, म्हणाला. बोलणाऱ्यानं स्वतःला बाजूला ठेवायचं, हे मी सगळ्या पोरांना शिकवत आलो. मयत कोणाचं आणि मिरवायचं कोणी?

“आई दूसरों के घर क्यों गई?” चेतना म्हणाली. “अपने घर में किसी ने सुना नहीं, इसलिए ना. वो आप हटा दोगे तो आई की बात ही झूठी हो जाएगी.”

लेकीनं आवाज चढवला नव्हता. धर्मपाल खाटेवर बसला. काय गाळायचं हे आपल्याला कळतं, याचाच त्याला आयुष्यभर गर्व होता. त्या दिवशी तो जेवला नाही, आणि पुन्हा आरशासमोरही गेला नाही.

रविवारी विहार भरला होता. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला पांढऱ्या साड्यांतल्या बायका, समोर अंजनाचा फोटो. फोटोही चेतनाच्या लग्नातल्या ग्रुपमधून कापून मोठा केलेला. एकटीचा असा तिचा फोटो निघालाच नव्हता. वंदना झाली. सुशीलनं सांगितलेले दोन-चार जण बोलले आणि अंजना पुरेशी मनमिळाऊ होऊन गेली. मग सुशीलनं त्याचं नाव पुकारलं. लोक सावरून बसले. आता टेंभुर्णेबाबू रडवणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

धर्मपाल माइकसमोर उभा राहिला आणि त्याला आरशासमोरची सुरुवात नको झाली. भिंती नको, शांतता नको. तो भाजी निवडताना बोलावं तसा बोलू लागला.

“आजवर ह्या जागेवरून मी तुमच्या घरच्या ज्या गोष्टी सांगितल्या, त्या मले अंजनानं आणून दिल्या होत्या. तिले त्या तुमच्या घरच्या बायांनी सांगितल्या. आणि बायांनी काहून सांगितल्या, तर ती आधी आपली सांगत होती म्हणून. ती कोणती, हे मले परवा समजलं. बायांले आधीच माहीत आहे.”

पुरुषांच्या बाजूला चुळबुळ झाली. बायका हलल्या नाहीत. त्यानं पोराचं सांगितलं. मालगाडीचं सांगितलं, पटकन, सजावट न करता. मूठ वर धरून दाखवायला गेला आणि हात मध्येच खाली आला. मग पुढचं वाक्य आलं, ज्यासाठी तो जेवला नव्हता.

“त्याच्या मायनं म्हटलं होतं, ह्याचं पुण्यानुमोदन करू. तर त्याच्या बापानं म्हटलं, एवढ्याशा पोरावर बोलायचं काय. तो बाप मी होय. मी तुमच्या सगळ्यांच्या माणसांवर बोललो, माझ्या पोरावर नाही बोललो. ती घरोघर जाऊन बोलली.”

एवढंच. धर्मपाल जागेवर जाऊन बसला नाही. तो भन्तेजींच्या आसनासमोर गेला आणि हात जोडून म्हणाला, “भन्तेजी, पाणी सोडताना दोन नावं घ्या.”

सुशील गडबडीनं पुढं आला. कानाशी लागून म्हणू लागला, की काकाजी, आज बाईंचं आहे, एवढ्या लहान लेकराचं असं आपल्यात कोणी करत नाही, लोक काय म्हणतील. भन्तेजी म्हातारे होते. त्यांनी सुशीलला हातानं थांबवलं आणि धर्मपालकडे वळले.

“दुसरं नाव सांगा, उपासक.”

धर्मपालनं तोंड उघडलं. आणि नाव येईना. मोठमोठ्या सभा गाजवलेला माणूस, पण घशातून हवाच निघेना. ज्या नावाला त्यानं स्वतःच दार लावलं होतं ते आता ओठांपर्यंत येत होतं आणि मागं जात होतं. चेतना उठून त्याच्याजवळ आली.

“प्रशिक,” बायकांच्या बाजूनं सरिता म्हणाली.

मग तिची जाऊ म्हणाली, प्रशिक. मग भिंतीशी बसलेली यशवंतरावांची आंधळी बायको म्हणाली. मग मागून, कडेनं, दाराजवळून, एकेक बाई ते नाव घेऊ लागली. मोठ्यानं नव्हे, सांगावं तसं. ज्या ज्या घरात कोणी मेलं होतं त्या त्या घरातल्या बाईकडे ते नाव होतं. पुरुष आपापल्या बायकांकडे बघत राहिले. आपल्याच स्वयंपाकघरात इतकी वर्षं हे पोरगं येऊन बसत होतं आणि त्यांना पत्ता नव्हता.

शेवटी धर्मपालचा आवाज फुटला. तो माइकपासून दूर होता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. “प्रशिक,” तो म्हणाला, “प्रशिक धर्मपाल टेंभुर्णे. माय अंजना.”

भन्तेजींनी दोन्ही नावं घेतली. चेतनानं बापाचा हात लोट्याला लावला, आणि दोघांनी मिळून पाणी सोडलं.